वऱ्हाडातील दोअमली

वऱ्हाडच्या इतिहासाची पाने चाळताना 'दोअमली' हा शब्द वारंवार भेटतो. अठराव्या शतकात या मुलखात एकाच गावच्या महसुलावर निजामाच्या अंमलदाराचाही हात पडे आणि नागपूरकर भोसल्यांच्या कमाविसदाराचाही. रयतेला एका पिकाचा वाटा दोन धन्यांच्या पदरात घालावा लागे, आणि या दुहेरी कारभाराला दोअमली हे नाव पडले. मेहकर-चिखलीचे बालाघाट काय किंवा मलकापूर-खामगावचे पायनघाट काय, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेक कसब्यांनी ही दोअमली भोगली आहे. परंतु मराठीने 'अंमल' या आरबी शब्दाला दोन अर्थ बहाल केले. निजामाचा अंमल बसला असे आपण म्हणतो आणि अफूचा अंमल चढला असेही म्हणतो; एकात हुकमत आहे, दुसऱ्यात नशा आहे. मला येथे त्या दुसऱ्या अंमलाची हकिकत सांगावयाची आहे, कारण तोही पहिल्याइतकाच दुहेरी होता: एका हाताने तो वेदना काढून घेई आणि दुसऱ्या हाताने श्वास, भूक, कोठा आणि अखेरीस मनुष्याचे स्वतःवरील स्वामित्वही काढून घेई. हे दोन हात एकमेकांपासून सोडवावेत, पहिला ठेवावा आणि दुसरा तोडावा, हा उद्योग मनुष्य किमान दोनशे वर्षे करीत आला आहे, आणि तो अद्याप पुरा झालेला नाही.

ज्या झाडाची ही कथा आहे, त्याचे फळ वऱ्हाडी शेतकऱ्याला शब्दाने तरी परके नाही, कारण कपाशीच्या फळाला तो ज्या नावाने ओळखतो त्याच नावाने अफूच्या फळालाही ओळखतात: बोंड. कपाशीचे बोंड आपले आपण उकलते आणि वेचणारणीच्या ओटीत कापूस येतो. अफूचे बोंड मात्र उकलण्यापूर्वी, हिरवे व रसभरीत असतानाच त्याला चीर द्यावी लागते. दुपारी चीर दिली की दुधासारखा पांढरा चीक पाझरतो, रात्रभरात तो हवेने तांबूस-काळा होतो, आणि पहाटे तो खरवडून गोळा करतात, तोच अफू. बोंड पुढे वाळले म्हणजे त्याच्या पोटात खसखस सापडते, आणि त्या दाण्यांत नशेचे द्रव्य जवळजवळ नसते, म्हणूनच दिवाळीच्या अनारशाची गोळी खसखशीवर थापताना कोणत्याही गृहिणीला आबकारीच्या कायद्याची आठवण होण्याचे कारण पडत नाही. एकाच बोंडाच्या कवचात विष, औषध आणि पक्वान्नाचा साज असे तिन्ही एकत्र नांदावेत, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

चरक-सुश्रुतांच्या जुन्या संहितांत अफू नाही. ग्रीकांच्या भाषेत 'चीक' या अर्थाचा जो शब्द होता, तो आरबांच्या तोंडी 'अफ्यून' झाला, व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि आपल्या वैद्यांनी त्याला 'अहिफेन', म्हणजे सर्पाचा फेस, असे संस्कृत वस्त्र नेसविले. मध्ययुगातील शार्ङ्गधरसंहितेत हे नाव येते, आणि ज्या ठिकाणी येते ते ठिकाण फार बोलके आहे. बहुतेक द्रव्ये आधी पचतात आणि मग शरीरभर पसरतात; परंतु काही द्रव्ये आधी सर्व शरीर व्यापतात आणि मागाहून पचतात, अशांना 'व्यवायी' म्हणावे, असे सांगून शार्ङ्गधराने उदाहरणादाखल भांग आणि अहिफेन ही दोनच नावे घेतली आहेत. सूक्ष्मदर्शक नाही, रसायनशाळा नाही, केवळ रुग्णाच्या खाटेशी बसून केलेले हे निरीक्षण आहे, आणि ते किती अचूक होते हे पुढे दिसेल. (मेहकरास १८८८ साली भूमीतून वर आलेली विष्णूची जी भव्य मूर्ती शार्ङ्गधर बालाजी म्हणून पूजिली जाते, तिचा या वैद्याशी नावापलीकडे काही संबंध नाही, पण मेहकरच्या त्या देवळात उभा राहिलो की मला हा ग्रंथकारही आठवतो, एवढे खरे.) अतिसारावरील अहिफेनासव आणि कर्पूररस ही औषधे याच परंपरेतील; कोठा बांधण्याचा अफूचा जो गुण वेदनाग्रस्ताला त्रासदायक, तोच पटकीच्या साथीत रेच लागलेल्या रोग्याला जीवदान देणारा मानला जाई.

राजकीय दोअमलीचा शेवट १८०३ साली झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आजच्या जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिम सीमेपासून फारसे दूर नसलेल्या असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्लीची गाठ पडली, आणि त्याच्याकडील हजारावर जखमींसाठी अजिंठ्यास इस्पितळ उभारण्यात आले. त्या काळच्या शस्त्रवैद्याजवळ भूल देण्याचे कोणतेही साधन नव्हते. हात किंवा पाय कापावयाचा तर करवत, मद्य आणि अफूचा अर्क, एवढीच त्याची सामग्री. नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला. योगायोग असा, की याच सुमारास जर्मनीतील पाडरबोर्न गावी फ्रीडरिश सेर्ट्युर्नर नावाचा विशीतला औषधशाळेतील मदतनीस अफूच्या चिकातून त्याचे सत्त्व वेगळे काढण्याच्या खटपटीला लागला होता. १८०५ च्या आसपास त्याला पांढरे स्फटिक मिळाले, आणि स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्याने पुढे त्याला मॉर्फियम असे नाव दिले, तेच आजचे मॉर्फिन. अफूच्या दोअमलीवर रसायनशास्त्राने केलेली ही पहिली स्वारी होय.

वऱ्हाडात मात्र अफूचा कारभार जुन्याच रीतीने चालू राहिला. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६७ पासून बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे झाले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, त्यांसाठी स्वतंत्र हुकूम निघत. पण महसुलाच्या बाबतीत फरक नावापुरताच होता. दारू, गांजा आणि अफू या तिन्हींची विक्री आबकारीच्या परवान्याने, दुकानांचा मक्ता लिलावाने, आणि १८७८ च्या अफू कायद्यानंतर माणसाने जवळ किती तोळे बाळगावी याचेही बंधन. सरकारला या चिकाचे उत्पन्न हवे होते, आणि त्याचा अतिरेकही नको होता. दोन इच्छा एका जमाखर्चात बसविण्याचा तो प्रयत्न होता.

लोक ही अफू कशासाठी घेत? केवळ नशेसाठी, असे उत्तर देणारा या मुलखाला ओळखत नाही. हिवतापाने हाडे ठणकत, वाताने सांधे आखडत, नाकाडोळ्यांवाटे सर्दी वाहे, खोकल्याने रात्र सरत नसे, आणि गावात वैद्य असला तर असला. अशा घरात मोहरीएवढी अफू हीच पडसे, हगवण, कंबरदुखी आणि वार्धक्य यांवरचे एकमेव औषध होते. १८९३ साली लॉर्ड ब्रॅसीच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे अनेक साक्षीदारांनी अफू हिवतापापासून बचाव करते असे सांगितले. त्यात सरकारी उत्पन्नाचा बचाव किती आणि वैद्यकीय अनुभव किती, हा वाद आहे; पण ठणका थांबतो हा रयतेचा अनुभव खोटा नव्हता.

सर्वांत करुण चित्र मात्र तान्ह्या मुलांचे आहे. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा आली, खामगावचा कापूसबाजार देशोदेशी गाजू लागला, आणि खामगाव, शेगाव, मलकापूर येथे सरकी काढण्याचे जीन आणि गासड्या बांधण्याचे प्रेस उभे राहिले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की वेचणीला आणि जिनात मजुरीला बाया जात, आणि ज्यांच्या पदरी पोर असे त्यांच्यापुढे एकच प्रश्न असे: दिवसभर याला ठेवावयाचे कोठे? कापसाच्या तुसाने भरलेल्या जिनात ते रडले तर मुकादम रागावे, शेतात बांधावर ठेवले तर ऊन आणि मुंग्या. मग पहाटे चुलीशेजारी सहाण पुढे घेतली जाई. तिच्यावर आईच्या दुधाचे चार थेंब टाकून वेखंड, जायफळ, हिरडा, हळकुंड, खारीक, बदाम यांचे ठरलेले वेढे उगाळावयाचे, ही तर कोणत्याही मराठी घरातील बाळगुटी. या गुटीतच नखाच्या टोकाने अफूचा एक काळा कण सोडला जाई, बोटाने तो कालविला जाई, आणि ते बोट बाळाच्या टाळूला लागले की घटकाभरात मूल निपचित पडे. तयार बाळगोळ्याही दुकानांत मिळत. शहरांतील गिरण्यांतून काम करणाऱ्या बायांमध्ये हीच चाल होती, आणि १९२९ ते १९३१ च्या व्हिटली कमिशनने कामगारांच्या मुलांना अफू देण्याच्या या प्रथेची दखल घेतली.

त्या आयांना दोष देण्यास माझी लेखणी धजत नाही. पोटाची आग आणि पोटचा गोळा यांच्यामध्ये त्या उभ्या होत्या. पण परिणाम भयंकर होत असे. तान्ह्या बाळाच्या यकृताला मॉर्फिनचा निचरा करण्याचे बळ पुरते आलेले नसते आणि त्याच्या मेंदूभोवतीचे कुंपणही कच्चे असते. म्हणून आजचा कण उतरण्यापूर्वीच उद्याचा कण चढे. मूल दूध मागेनासे होई, कोठा बांधला जाई, पोट फुगे, हातपाय वाळत. एखाद्या सकाळी कण थोडा मोठा पडला की श्वास मंदावत मंदावत थांबे, आणि झोपलेले मूल झोपलेलेच राही. जो गुण मोठ्या माणसाचा ठणका थांबवी, तोच गुण पाळण्यातील श्वास थांबवी.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांच्या मुदतीत औषधाखेरीज अन्य कारणासाठी होणारी अफूची विक्री बंद करण्याचे ठरविले, आणि १९५९ च्या एप्रिलपासून मक्त्याच्या दुकानातून कोणीही अफू विकत घेण्याचा जमाना संपला. सहाणेवरचा काळा कण नाहीसा झाला. हे फार मोठे पुण्यकर्म होते. परंतु त्या दुकानाबरोबर गरिबाच्या वेदनेवरचा एक उपायही उठून गेला, आणि त्याच्या जागी दुसरा उपाय गावात आणून ठेवण्याची तरतूद कोणीच केली नाही.

इकडे रसायनशाळांतून दुसरी कथा घडत होती. अफूच्या चिकात एकटे मॉर्फिन नाही. १८३२ साली कोडीन सापडले, त्यानंतर थिबेन, मग पापाव्हेरिन. निसर्गाने दिलेल्या या द्रव्यांच्या रेणूत मनुष्याने एखादी फांदी छाटावी, एखादी जोडावी, आणि वेदनाशमन ठेवून बाकीचे दोष घालवावेत, अशी कल्पना निघाली. अर्धे निसर्गाचे आणि अर्धे मनुष्याचे म्हणून अशा औषधांना अर्धसंश्लेषित म्हणतात. या मार्गावरील पहिले मोठे पाऊलच खड्ड्यात पडले. १८७४ साली लंडनच्या सी. आर. ॲल्डर राइट यांनी मॉर्फिनपासून प्रथम बनविलेले एक द्रव्य १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावरचे निर्धोक औषध म्हणून बाजारात आणले. त्याचे नाव हेरॉइन. १९१६ मध्ये थिबेनपासून ऑक्सिकोडोन तयार झाले, त्याच्याविषयीही मोठ्या आशा होत्या, आणि ऐंशी वर्षांनी अमेरिकेत त्याचीच दीर्घकाळ टिकणारी गोळी सढळ हाताने वाटली गेल्यामुळे जो अनर्थ ओढवला तो सर्वश्रुत आहे. नवा रेणू व्यसनमुक्त आहे असे जो सांगेल त्याच्यावर एका पिढीचा अनुभव जमेस धरल्याशिवाय विश्वास ठेवू नये, असा या इतिहासाचा स्पष्ट निवाडा आहे.

हे दोष इतके चिवट का, याचा उलगडा १९७३ साली झाला. मज्जापेशींच्या पृष्ठभागावर अफूच्या द्रव्यांना ओळखून धरणारी विशिष्ट स्थाने असतात, हे अमेरिकेतील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी, तसेच त्याच वर्षी एरिक सायमन व स्वीडनमधील लार्स टेरेनियस यांनी दाखवून दिले. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. आपण कुलूप म्हणू, कारण ठराविक आकाराची किल्लीच त्यात बसते. दोन वर्षांनी ॲबरडीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना शरीर स्वतःच बनवीत असलेल्या किल्ल्या सापडल्या. मग कळले की ही कुलुपे केवळ वेदनेच्या वाटेवर नाहीत. श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या देठात ती आहेत, सुखाची चटक लावणाऱ्या केंद्रात आहेत, आतड्यांच्या भिंतीत आहेत. एकच किल्ली या सर्व दारांना लागते. आधी सर्व शरीर व्यापणारे द्रव्य, हे शार्ङ्गधराचे शब्द वाचावेत आणि मग हा शोध वाचावा.

तेव्हापासूनचा प्रयत्न किल्लीचे दाते घासण्याचा आहे. थिबेन हे स्वतः वेदनाशामक नाही, उलट आचके आणणारे विष आहे. पण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती तेच सर्वांत उपयोगी ठरले. इंग्लंडातील हल येथे जॉन लुइस यांच्या चमूने १९६६ साली त्यापासून ब्युप्रेनॉर्फिन बनविले. ही किल्ली कुलुपात घट्ट बसते, पण अर्धीच फिरते. त्यामुळे मात्रा वाढविली तरी एका मर्यादेपुढे श्वासावरचा दाब वाढत नाही, मात्र मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर हे संरक्षण टिकत नाही. आपल्या देशात अफू-हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांना जिभेखाली ठेवण्यास हीच गोळी देतात. त्याच थिबेनच्या वंशातील नॅलॉक्सोन ही न फिरणारी किल्ली. ती कुलूप अडवून धरते, म्हणून अतिमात्रेने श्वास थांबू लागलेला मनुष्य तिने परत येतो. पाळण्यातल्या त्या मुलांच्या काळी ही असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मेंदूत शिरूच न शकणारे मिथिलनॅल्ट्रेक्सोन हे वेदनाशमनाला धक्का न लावता केवळ आतड्याचे कुलूप सोडविते. पुढे असेही मत निघाले, की कुलूप उघडल्यावर पेशीत संदेशाच्या दोन वाटा फुटतात, एकीने वेदना शमते आणि दुसरीने श्वास दबतो, तेव्हा पहिलीच वाट धरणारे औषध शोधावे. या विचारातून निघालेले ऑलिसेरिडिन २०२० साली अमेरिकेत संमत झाले. ते सर्वस्वी संश्लेषित आहे आणि इस्पितळात शिरेतूनच देतात. पण त्याच सुमारास इतर प्रयोगशाळांनी उंदरांवर केलेले प्रयोग मूळ मताला पुष्टी देईनात. दोअमली अजून मोडलेली नाही, ढिली झाली आहे.

आता बुलढाण्याकडे परत वळतो. मलकापुराहून बऱ्हाणपूर, इंदूर, रतलाम असा उत्तरेचा रस्ता धरला की मंदसौर-नीमचचा प्रदेश लागतो. तेथे केंद्र सरकारच्या पट्ट्यावर शेतकरी आजही अफू पिकवतात, त्यांचे क्षेत्र आरीच्या मापाने मोजले जाते, चीक वजन होऊन सरकारजमा होतो, आणि नीमच व गाझीपूरच्या कारखान्यांत त्यापासून मॉर्फिन, कोडीन, थिबेन निघते. चीक स्वरूपातील अफू कायदेशीररीत्या निर्यात करणारा भारत हा जगातील एकमेव देश आहे. विनापट्टा पीक बुलढाण्याच्या मातीतही येते, हे २०२५ च्या फेब्रुवारीत देऊळगाव राजा तालुक्यातील अंढेरा शिवारात पोलिसांनी उघडकीस आणलेल्या लागवडीने दिसले. म्हणजे चीक जवळ आहे, कारखाना जवळ आहे, आणि मॉर्फिनची गोळी काही महाग नाही. तरीही १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला, एकेका इस्पितळाला अनेक परवाने एकाच वेळी हजर ठेवण्याची सक्ती झाली, शिक्षेच्या भयाने दुकानदारांनी व इस्पितळांनी हा माल ठेवणेच सोडले, आणि देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक सबंध पिढी या औषधाला हात न लावता तयार झाली. दुर्दैवाची गोष्ट अशी, की जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर तोंडाने मॉर्फिन देण्याची पायरीपायरीची पद्धत १९८६ मध्ये, म्हणजे आपण दार लावून घेतल्यानंतर लगेच, जगापुढे ठेवली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू झाला, हा आपल्या अंधारातील एक दिवा.

२०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळसे दार उघडले आहे. मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन यांसारखी सहा औषधे अत्यावश्यक ठरविण्यात आली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला वेगवेगळ्या परवान्यांच्या मागे धावावे लागत नाही. परंतु कायद्याच्या पुस्तकातून गोळी रोग्याच्या उशाशी आपोआप येत नाही. वऱ्हाडात खर्रा-तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग घरोघरी माहीत आहे. त्याचा रोगी अकोल्याला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातो, आणि करण्यासारखे काही उरले नाही असे कळले की घरी परत येतो. गालाला छिद्र पडलेले, गिळता येत नाही, रात्र सरत नाही. घरचे लोक बाहेर ओट्यावर येऊन बसतात, कारण आतले कण्हणे ऐकवत नाही. त्याच्या पणज्याला अशा वेळी मक्त्याच्या दुकानातली अफू तरी मिळत होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तेथील अध्यापकांना आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला माझी एकच विनंती आहे: पहिल्या तुकडीतील प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिनची मात्रा स्वतः बसवून दिलेली असावी, तिच्यासोबत सारक द्यावयास तो विसरू नये, श्वास मोजावयास आणि नॅलॉक्सोन वापरावयास त्याने शिकावे, आणि जिल्ह्यातील तेराही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत ती गोळी, हिशेबाच्या वहीसह, कुलपात पण हाताशी असावी.